कुंपणावरची काटवलं

आष्टीजवळच्या आमच्या गावात पावसाळ्यात आई मैत्रिणींसोबत काटवलं, म्हणजे करटोलीची रानभाजी, तोडायला जंगलात जायची. एकदा तिनं भाजीसोबत तिथल्याच एका वेलाचा कंदही खणून आणला आणि तारेच्या कुंपणाशी लावला. वडील हसले, "जंगलातला वेल घरी काऊन लावून राह्यली वं?"

पुढच्या पावसाळ्यात वेल फुलला, पण फळ धरेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हा नर हाये, याले मादी पाह्यजे." आईनं लगेच मादीचा कंद शोधून आणला. वर्षभरानं कुंपण काटवलांनी लगडलं. जगातली पहिली शेती अशाच कुण्या बाईनं केली असेल, असं मला वाटलं.

तरी आई पिशवी घेऊन जंगलाकडे निघालीच.

"आता कायले जातं?" वडिलांनी विचारलं.

"भाजी घरी हाये, मैत्रिणी तिकडं हायेत ना!"