न जुळणारे पट्टे

ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओ म्हणून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. साठी उलटलेल्या, बुटक्या, ताठ. एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या एका शेर्पा गावातल्या. मुलगी इथे नर्स, तिच्याकडे राहायला आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात दारातल्या बर्फावर घसरून उजवं मनगट मोडून बसल्या.

“जन्मभर बर्फात चालले आणि पडले कुठे, तर फुटपाथवर!” त्या हिंदीत म्हणाल्या. तरुणपणी काही वर्षं दार्जिलिंगला काढल्यामुळे हिंदी त्यांना चांगली येत होती. मुलगी त्यांना ‘आमा’ म्हणायची, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले.

प्लास्टर निघालं होतं, पण मूठ वळत नव्हती. बोटं आणि तळवा यांच्यामध्ये लिंबू सहज मावलं असतं. मी पिळायला रबरी गोळा दिला, एक्सरसाइजचा कागद दिला, मुलीलाही समजावून सांगितलं. तीन आठवड्यांनी आल्या, तर बोटं तशीच.

“आमा, एक्सरसाइज करता ना?”

“नाही.” त्यांनी गोळा माझ्या टेबलावर ठेवला. “ह्यातून काही तयार होत नाही. नुसतं दाबत काय बसायचं?”

मला रागच आला. बाहेर पुढचे पेशंट ताटकळत होते. तरी विचारलं, “मग हे हात आधी काय करायचे?”

त्यांनी जॅकेटची चेन उघडली. आत कमरेला लोकरीचा एप्रन बांधलेला, आडव्या रंगीत पट्ट्यांचा. पांगदेन. त्यांच्याकडे लग्न झालेल्या बायका तो बांधतात. हा त्यांनी स्वतः विणलेला होता. त्यांचे वडील खालच्या खोऱ्यातलं धान्य याकांवर लादून खिंडीपलीकडे तिबेटात न्यायचे आणि तिकडून मीठ, लोकर आणायचे. त्या लहान असतानाच तो व्यापार थंडावला. पण सूत कातणं, मंजिष्ठेच्या मुळांनी लोकर लाल रंगवणं, मागावर बसणं हे सगळं आईने त्यांना शिकवून ठेवलं होतं. इथे आल्यापासून त्यांनी धाग्याला हात लावला नव्हता. फ्लॅटमध्ये माग कुठे ठेवणार?

त्या संध्याकाळी मी शोधाशोध केली. आमच्याच भागातल्या कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी विणकरांचा गट जमायचा. गट चालवणारी एक निवृत्त शिक्षिका फोनवर म्हणाली, “एक माग रिकामाच आहे. घेऊन ये त्यांना.”

पहिल्या शनिवारी आमांच्या हातातून आडवा धागा ओवायचा धोटा तीनदा खाली पडला. चौथ्यांदा त्यांनी तो डाव्या हातात घेतला. “उजव्या,” मी म्हटलं. त्या शेर्पा भाषेत काहीतरी पुटपुटल्या. शिक्षिकेला वाटलं, प्रार्थना चाललीय. त्यांच्या चेहऱ्यावरून मला तरी त्या शिव्याच वाटल्या. पण धोटा उजव्या हातात गेला.

मग दर शनिवारी मी त्यांना तिथे सोडू लागले आणि हळूहळू स्वतःही थांबू लागले. स्कॉटिश मेंढीची लोकर त्यांनी आधी नाक मुरडून चिमटीत धरली, मग गालावर घासली आणि म्हणाल्या, “चालेल.” मे महिन्यात मी तपासलं, तर बोटांची टोकं तळव्याला टेकत होती. मी आनंदाने ओरडले. त्या म्हणाल्या, “ओरडू नको, धागे मोजतेय.”

ऑगस्टमध्ये जवळच्या एका गावाचा वार्षिक शेतकी शो होता. मेंढ्या, जॅम, केक आणि एका तंबूत हस्तकला. शिक्षिकेने आमांचं नवं पांगदेन स्पर्धेत ठेवलं. परीक्षक बाईंनी ते उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

“वीण अप्रतिम आहे. पण तीन उभे तुकडे एकमेकांना शिवताना पट्टे जुळलेले नाहीत. वाईट वाटतं,” असं म्हणून त्या पुढच्या शालीकडे वळल्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमांनी माझा दंड धरला. इंग्लिशमध्ये ‘थँक्यू’पलीकडे फारसं काही न बोलणारी ती बाई पुढे झाली आणि स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाली, “नो मिस्टेक.”

परीक्षक बाई थांबल्या.

“जुळवणं सोपं,” आमा एकेक शब्द शोधत म्हणाल्या. “न जुळवणं कठीण. बघा. लालला लाल लागत नाही. हिरव्याला हिरवा नाही. कुठेच नाही.”

बाईंनी चष्मा सारखा केला. पहिल्या शिवणीवरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं, मग दुसऱ्या. शेवटी त्या सरळ झाल्या.

“माझीच चूक झाली,” त्या म्हणाल्या. “मला पुन्हा दाखवाल का?”

आमांनी दाखवलं, रंग धरून, एकेक करून. हातवाऱ्यांनी जेवढं सांगता येईना, तेवढंच मी इंग्लिशमध्ये सांगितलं. तासाभराने निकाल लागला, तेव्हा पांगदेनावर पहिल्या नंबरचं लाल कार्ड होतं. शिक्षिकेने आमांना मिठी मारली. मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

परतताना आम्ही डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसलो. आमांनी नवं पांगदेन जॅकेटवरूनच बांधलं होतं. त्यांनी गावाकडे बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि डोंगरापलीकडे हाक मारावी तशा आवाजात बोलू लागल्या. सगळी बस मागे वळून पाहू लागली. मला त्यातला एकच शब्द कळला, आणि तो त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, “फर्स्ट! फर्स्ट!”