गुणाबाईची पहिल्या धारेची बाटली

बुधूभाऊंनी बाटलीच्या तोंडावरच्या मेणाला चाकू लावला आणि सोमारी चुलीपासून उठली. बुधूभाऊ तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन या घरी आल्यापासून ती त्यांच्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती, डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता. आज ती मांडवातल्या पन्नास-साठ माणसांमधून सरळ चालत गेली आणि त्यांच्या हातातली बाटली हिसकून घेतली.

"हे तुमच्या हातानं उघडणार नाई," ती म्हणाली.



ती बाटली सोमारीच्या सासूनं, गुणाबाईनं भरली होती. धानोऱ्याच्या पुढे जंगलात त्यांचं गाव. सोमारीची मुलगी स्वाती जन्मली त्या चैतात मोहाची फुलं इतकी पडली होती की वेचून वेचून बायांच्या कमरा मोडल्या. जिल्ह्यात दारूबंदी, पण जन्म-मरणाला पूर्वजांना वाहायला लागते तेवढी कोणी सोडली नव्हती. नातीच्या बारशाची दारू काढताना म्हातारीनं पहिल्या धारेची एक बाटली वेगळी भरली, लाकडाचं बूच ठोकलं, वर मधमाशीचं मेण ओतलं आणि धानाच्या कोठीत खोल पुरून ठेवली. सोमारीला म्हणाली, "पोरगी आपल्या पायावर उभी राहील, त्या दिवशी उघडजो. लग्नाले नाई." चार वर्षांनी म्हातारी गेली. कोठीतलं धान दरवर्षी संपायचं, दरवर्षी भरायचं. बाटली हलली नाही.

आता स्वाती तलाठी झाली होती. नेमणुकीचा कागद हातात आला होता आणि घरानं जेवण घातलं होतं. कोठीतली बाटली काढून मांडवात आणून ठेवली होती. बुधूभाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पुढच्या खुर्चीत बसले होते. येईल त्याला सांगत होते, "आमच्या घरची पोरगी. आम्हीच शिकवलं." सोमारी भाताच्या गंजापाशी उभी राहून ते ऐकत होती आणि झारा गंजाच्या काठावर आपटत होती.

कारण शिकवलं कोणी, हे तिला पाठ होतं. बारावी झाल्यावर स्वातीचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं. जातपडताळणीसाठी आजोबांच्या नावाचा जुना महसुली कागद हवा होता. तो बुधूभाऊंच्या पेटीत होता. चैतू, स्वातीचा बाप, तीनदा मागायला गेला. एकदा ते म्हणाले सापडत नाही. एकदा म्हणाले किल्ली हरवली. तिसऱ्यांदा खरं बोलले, "पोरीचा कागद काहाले पाह्यजे? उद्या दुसऱ्याच्या घरी जाईल. मी पोरगा पाहून ठेवला आहे, ट्रॅक्टर आहे त्याच्या घरी." चैतू मान खाली घालून परत आला. नर्सिंगची जागा गेली. स्वाती आठ दिवस जेवली नाही.

मग सोमारी निघाली. तिला मराठी मोडकंतोडकंच येत होतं, घरी सगळे गोंडी बोलत. गडचिरोलीच्या कचेरीत पहिल्या दिवशी तिला दाराशीच बसवून ठेवलं. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला सासऱ्याचं नाव चुकीचं लिहिलं म्हणून अर्ज परत. चौथ्या खेपेला ती सकाळी जी टेबलापुढे उभी राहिली ती हललीच नाही, आणि दुपारी जुन्या नोंदीची नक्कल घेऊन बाहेर पडली. त्याच नकलेवर स्वातीची पडताळणी झाली, पुढे बी.ए., पुढे परीक्षा.

"सोमारी, चार लोकांत तमाशा नको," चैतू मांडवाच्या खांबाआडून म्हणाला.

"तुम्ही तर बोलूच नका," ती त्याच्यावर फिरली. "तीनदा गेले अन् तीनदा रिकाम्या हातानं आले. तेव्हा तोंडाले काय झालं होतं?"

बुधूभाऊ खुर्चीतून उठले. "घरचा मोठा मी आहो. पूर्वजाले पहिला थेंब मीच वाहतो. बाईचं हे काम नाई."

"मोठेपण तवा कुठी होतं? कागद पेटीत दाबून बसले, पोरीचं वर्ष खाल्लं. अन् आता म्हणता आम्ही शिकवलं!"

"आई, जाऊ दे न," स्वाती जवळ येऊन हळूच म्हणाली. "आजच्या दिवस."

"आजच्याच दिवशी काऊन जाऊ देऊ?" सोमारीचा आवाज फाटला. "उद्या कोणाले आठवण राहील?"

बुधूभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला, बायकोला हाक मारली आणि न जेवता निघाले. त्यांच्यामागे त्यांची सून, दोन म्हातारे शेजारी उठले. कोणी त्यांना थांबवलं नाही. सोमारीनं तर पाहिलंसुद्धा नाही.

ती घरात गेली आणि विळ्याच्या टोकानं मेण खरवडलं. बूच आत चिकटलेलं, निघता निघेना. शेवटी ते तुकड्यातुकड्यानं निघालं. बाटली निम्मीच उरली होती. बाकीची इतक्या वर्षांत कुठे उडून गेली कोण जाणे. वास मात्र घरभर पसरला, वाळल्या मोहासारखा गोड आणि उग्र. देवाच्या खांबाशी तिनं सासूच्या नावानं पहिले थेंब सांडले. घराण्यातल्या बाईनं ते करायची रीत नव्हती. मग पानाच्या द्रोणात उरलेल्या सगळ्यांना घोटघोट वाटली. स्वातीला ठसका लागला, बाया हसल्या. सोमारीनं आपला घोट एका दमात गिळला. घशापासून पोटापर्यंत जाळ गेला, तरी राग काही विझला नाही.

त्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला, रोपं लावायला, बुधूभाऊंच्या घरून कोणी आलं नाही. दोन्ही घरची रोवणी आजवर मिळून व्हायची. सोमारीनं गावातल्या दुसऱ्या बाया जमवल्या. तीन दिवस जास्त लागले. स्वाती सुट्टीच्या दिवशी येऊन चिखलात उतरली.

एके सकाळी चैतू दारात घुटमळत म्हणाला, "भाऊकडे माणसं कमी पडून राह्यली. मी जाऊन येतो."

"जा," सोमारी म्हणाली.

तिनं त्याला अडवलं नाही. पण डबाही बांधून दिला नाही.