धरलेला पदर

विश्रामरावांना अर्धांग झाल्यापासून डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांतल्या वासाची नीलाताईंना शिसारी आली होती. त्याहून शिसारी सत्संगाच्या विनिताबाईंची. नाकाला पदर लावून त्या दारातूनच म्हणायच्या, "यातही देव शोधायचा हो. आभार मानायचे."

"मग आत येऊन शोधा की," नीलाताई एकदा म्हणाल्या. बाई काही आत आल्या नाहीत.

ही किळस वाढत गेली तर नवऱ्याविषयी माया उरणार नाही, हीच नीलाताईंची खरी धास्ती.

आज नवऱ्याला पुसायला वाकताना नीलाताईंचा पदर घाणीत पडणार, तोच विश्रामरावांनी चालता हात उचलून तो वर धरला. पुसून होईपर्यंत त्यांनी पदर सोडला नाही.

ओकारी आलीच. ती गिळून नीलाताई पुटपुटल्या, "देवा, एवढा हात तरी ठेवलास रे."