हायड्राला डोळे नसतात

अकरावीत मी बायोलॉजी घेतलं, त्याचा आनंद माझ्यापेक्षा बाबांनाच जास्त झाला. ते भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते. ड्युटीवरून सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये परतले की चहा घेता घेता माझं पुस्तक ओढून घ्यायचे. प्राण्यांना ग्रीक राक्षसांची नावं असतात, याचं त्यांना भारी नवल. लायब्ररीतून ग्रीक पुराणकथांचं पुस्तक आणून ते एका वहीत मराठीत टिपणं काढू लागले. मेड्युसा, म्हणजे डोक्यावर केसांऐवजी साप असलेली बाई. ते नाव जेलीफिशला. एकिड्ना, अर्धी बाई अर्धी नागीण. ते नाव ऑस्ट्रेलियातल्या एका काटेरी प्राण्याला.

"अन् हायड्राले कावून हायड्रा म्हणते?"

"कथेतल्या हायड्राचं एक मुंडकं छाटलं की दोन उगवत, बाबा. हा तळ्यातला तर धाग्याएवढा. पण कापला तरी पुन्हा पुरा होते."

बाबांनी पुस्तकातलं चित्र डोळ्यांजवळ नेलं. त्यांना काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. उरलेलीही दर महिन्याला कमी होत होती.

"मले पाहाचा हाये तो," ते म्हणाले.

रविवारी मी सायकल चालवली, ते मागे कॅरिअरवर बसले. कोहक्याच्या तळ्यातून बाटलीभर पाणी नि शेवाळ आणलं. दुसऱ्या दिवशी काचेला चिकटलेला एक हायड्रा मला सापडला. बाटली अंगणात उन्हात धरली. बाबांनी भिंग लावलं, डोकं इकडून तिकडून वळवून पाहिलं.

"मले तं नुसतं पाणीच दिसून राहिलं."

मी त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं. "इथं हाये."

"हालते का?"

"हो. हात पसरून हाये."

"अन् डोळे?"

"डोळेच नसते हायड्राले, बाबा."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मंग बरं हाये त्याचं."

पुढच्या वर्षी त्यांना नोकरी सोडावी लागली. क्वार्टर गेलं, आम्ही भिलाई-३ ला दोन खोल्यांत आलो. माझं मेडिकलचंही जमलं नाही. सामान लावताना ती वही हाती आली. शेवटच्या पानांवर ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. काही म्हणता काही वाचता येत नव्हतं. सुरुवातीची पानं वाचून दाखवू का, असं मी विचारलं.

"ठेवून दे," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळून निजले.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. मला त्यांनी पुन्हा कशाचंही नाव विचारलं नाही.