‘चर्चा करावी’ असा शेरा

महाविद्यालयाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. विषय दिलाय, विद्यापीठाचं अनुदान मिळवणारा आपला पहिला अध्यापन-प्रयोग. तो माझ्या नावावर आहे. माझा नव्हता.

मी वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख होतो. हाताखाली एक तरुण प्राध्यापिका आली. माझ्या तासाला बाभूळगाव-दारव्ह्याची मुलं एसटीची वेळ सांगून उठायची. तीच मुलं तिच्या तासासाठी एसटी सोडायची. एकदा व्हरांड्यातून जाताना पाहिलं, माझ्यासमोर वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी हातात तरोट्याचं रोप धरून उभी होती. पानाची रचना सांगत होती, मध्येच त्याची भाजी कशी करतात तेही. वर्ग हसत होता. मी खांबाआड थांबलो. माझ्या तासाला असं कधीच कुणी हसलं नव्हतं.

तिची पद्धत साधी होती. मुलांनी बांधावरची झाडं आणायची, वाळवून वहीत चिकटवायची. खाली आधी घरातलं नाव, वऱ्हाडी, गोरबोली, कोलामी, जे असेल ते. शास्त्रीय नाव नंतर. विद्यापीठानं नव्या अध्यापन-प्रयोगांसाठी अनुदान जाहीर केलं, तेव्हा तिनं यावर प्रस्ताव लिहिला. तो माझ्या सहीनं पुढं जायचा होता.

मी नकार दिला नाही. आमच्याकडं नकार कुणी देत नाही. समासात ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आणि फाइल कपाटात ठेवली.

“सर, चर्चा कधी करायची?” ती विचारायची.

“बसा मॅडम. चहा घ्या. पाहू ना.”

मुदत टळेपर्यंत मी तिला चहाच पाजला.

वर्ष संपताच ती उमरखेडच्या महाविद्यालयात गेली. मग पुढच्या वर्षीच्या अनुदानासाठी मी तोच प्रस्ताव माझ्या नावानं पाठवला. मंजूर झाला. तिच्या मुलांच्या वह्या विभागातच राहिल्या होत्या. त्यांच्यावर माझ्या नावाची लेबलं लावून मी विद्यापीठाच्या समितीपुढं ठेवल्या. कौतुक झालं. माझ्या वर्गातली मुलं मात्र घरातलं नाव लिहीतच नव्हती. ती जागा कोरी ठेवून पुस्तकातलं नाव तेवढं उतरवून आणायची.

निवृत्त होताना त्या वह्या मी घरी आणल्या. गेल्या आठवड्यात तिला फोन केला. सगळं सांगितलं. स्मरणिकेत खरं लिहितो, म्हणालो.

“मले ठाऊक होतं सर. तुमचा अहवाल वाचला होता मी. त्यात माझ्या प्रस्तावातली चूकही तशीच उतरली होती.”

“मग बोलल्या काहून नाही?”

“तुम्ही पुन्हा चहा पाजला असता.”

ती हसली. मला हसता आलं नाही.

“लिहा, पण माझं नाव नका टाकू. वह्या तेवढ्या पाठवा. पोरायले दाखवाच्या आहेत.”

“लेबलं काढून पाठवतो.”

“कायले? राहू द्या. वह्या फाटतील.”

मागून तिच्या वर्गाचा गलका ऐकू येत होता. मुलं तिला बोलावत होती. फोन ठेवला, आणि या वयातही, तो जुना हेवा जसाच्या तसा वर आला.

वह्या आज पाठवल्या. लेबलांसकट.