काकांच्या उशीखालचं पुस्तक

रावपुऱ्यातल्या वाचनालयात काउंटरवर बसणारे गुजराती काका पुस्तक नेहमी मागून उघडत. मी तेव्हा कॉलेजात नुकती शिकवायला लागले होते आणि मला चेटूक, डाकीण, झाडाडोंगरांची पूजा यांवरची पुस्तकं हवी होती. मी पुस्तकाचं नाव सांगितलं की काका माहिती देणाऱ्यांच्या यादीची शेवटची पानं चाळत आणि म्हणत, "बेन, यानं विचारलंय कोणाला?" लेखकानं नुसतं पाटलाला आणि भगताला विचारलेलं असलं, तर "जवा दो, राहू दे" म्हणून पुस्तक बाजूला. जिला डाकीण ठरवलं त्या बाईशीच कोणी बोललेलं असलं, तर मात्र फडक्यानं पुसून ते माझ्या हातात देत.

डाकीण ओळखायची लक्षणं सांगणारं एक जाडजूड पुस्तक काही मला मिळेना. केबलवर भुताखेतांच्या मालिका सुरू झाल्यापासून त्याला फार मागणी होती. "बाहेर गेलंय," काका हसून सांगत. वर्षभर हेच.

एकदा ते चहा घ्यायला उठले आणि खुर्चीवरची उशी घसरली. तेच पुस्तक खाली होतं, बसून बसून पार चपटं झालेलं.

"काका, हे काय?"

ते ओशाळले. "पुस्तक आहे, फाडवत नाही. पण वाचणारा घरी जातो आणि शेजारच्या म्हातारीकडे बघायला लागतो. मी पाहिलंय, बेन."

तेवढ्यात एक गृहस्थ आले आणि त्यांनी नेमकं तेच पुस्तक मागितलं. काका चहा तसाच ठेवून घाईघाईनं खुर्चीत बसले.

"बाहेर गेलंय," मीच सांगून टाकलं.