बुडालेल्या झाडाखालचा मासा

माझी आत्या नावेत बसून टीव्ही बघते, असं धक्क्यावरचे लोक म्हणतात. म्हणेनात का. त्यांच्या जिभेला कुठे हाड आहे?

आत्या हौशी मासेमारांना तलावात फिरवते. गिऱ्हाइकं मागायला लागली म्हणून तिने नावेला पाण्याखालचं दाखवणारं लाइव्ह सोनार यंत्र बसवून घेतलं. नावेच्या कडेला एक दांडा, त्याच्या टोकाला पाण्यात बुडालेला सेन्सर आणि गुडघ्यांसमोर पडदा. दांडा वळवावा त्या बाजूचं पाण्यातलं सगळं त्याच क्षणी पडद्यावर हलताना दिसतं. आपला गळ हळूहळू खाली उतरतो. काळोखातून एक पिवळा ठिपका, म्हणजे मासा, त्याच्याजवळ येतो, जरा थांबतो, विचार केल्यासारखा, आणि निघून जातो. गिऱ्हाईक चरफडतं. आत्याला मात्र तो गेला की बरं वाटतं. गिऱ्हाईक नसतानाही ती इंजिन बंद करून तशीच बसते, आणि मी सोबत असले की माझेही डोळे जड होतात. जागेपणी स्वप्न पडावं तसं ते पाणी पडद्यावरून सरकत राहतं.

ही नाव आधी आतोबांची. धरण झालं तेव्हा एक मोठं झाड उभंच्या उभं पाण्याखाली गेलं. त्या झाडात माणसाएवढा मासा राहतो, असं आतोबा जन्मभर सांगत राहिले. "मी खेचला की तोही खेचतो. सैल सोडलं की दोरी घेऊन खाली जातो. शेवटी तोडतोच लेकाचा!" धक्क्याजवळचा सलूनवाला त्यांचा जिवलग दोस्त. तो गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता या माशाची नक्कल करायचा. दुकान हसायचं, आतोबाही हसायचे. घरी आल्यावर मात्र आत्याला म्हणायचे, "तू तरी विश्वास ठेव गं."

"आधी दाखवा," आत्या म्हणायची.

दाखवायचं राहून गेलं आणि आतोबा गेले.

सोनार आलं तरी आत्या त्या झाडाकडे नाव नेईना. आतोबा खरं बोलत होते की थापा मारत होते, हे तिथे कळणार होतं, आणि तिला त्याचीच भीती वाटत होती. शेवटी सलूनवाल्यानेच विषय काढला.

"वहिनी, हातच्या कांकणाला आरसा कशाला? एकदा बघूनच येऊ. मासा असेल तर मी दुकानात सगळ्यांसमोर कान धरीन."

"आणि नसला तर, भावजी?"

त्याने खांद्यावरचा टॉवेल झटकला. "सकाळी निघू," म्हणाला.

सकाळी आम्ही तिघं निघालो. धुकं इतकं होतं की नावेचं पुढचं टोकही पुसट दिसत होतं. आत्याने इंजिन बंद केलं आणि दांडा हळूच वळवला. पडद्यावर झाड उगवलं. बुंधा, फांद्या, अगदी बारीक डहाळ्यासुद्धा. पाखरं बसावीत तसे छोटे मासे फांद्यांमधून फिरत होते. इतकी सुंदर गोष्ट मी आजवर पाहिली नाही.

मोठा मासा मात्र नव्हता. आत्याने दांडा सगळीकडे फिरवून पाहिला. मग तिने आतोबांची मासेमारीची काठी काढली आणि गळ सोडला. पडद्यावर गळाचा ठिपका उतरत उतरत झाडात शिरला आणि काठी वाकली.

"लागला!" सलूनवाला ताडकन उभा राहिला. नाव डुलली.

"बसा खाली. इकडे बघा," आत्या म्हणाली.

तिने खेचलं तशी पडद्यावर एक लांब फांदी वाकून वर आली. तिने दोरी सैल सोडली, तशी फांदी दोरी ओढत परत गेली. खेचलं की यायची, सोडलं की जायची. छोटे मासे विखुरले आणि परत जागेवर येऊन बसले. मग दोरी तुटली.

"फांदी आहे," आत्या म्हणाली. तिने पडद्यावरच्या त्या फांदीवर बोट ठेवलं. "थापा नव्हत्या हो त्या, भावजी. त्यांच्या हाताला खरंच ओढ लागत होती. आणि मी 'आधी दाखवा' म्हणत बसले." आणि ती रडायला लागली. आतोबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

सलूनवाल्याने खांद्यावरच्या टॉवेलने आधी स्वतःचे डोळे पुसले. "चला वहिनी, परत जाऊ," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी आणि आत्या पेट्रोलचा कॅन घेऊन सलूनवरून चाललो होतो. दुकान भरलेलं. सलूनवाला वस्तरा हवेत धरून सांगत होता, "माणसाएवढा! या डोळ्यांनी पाहिला! मी कान धरले, बाबांनो, माझा दोस्त खरं बोलत होता."

खुर्चीतल्या फेसाळलेल्या माणसाला आत्या दारात दिसली. "काय हो, खरं का हे?"

सलूनवाल्याने वस्तरा खाली घेतला आणि आत्याकडे पाहिलं. आत्याने कॅन खाली ठेवला.

"भावजी कमी करून सांगताहेत," ती म्हणाली. "शेपटी तर पडद्यात मावलीच नाही."